मॅगझीनमधला लाकडी ठोकळा

आमच्या परळच्या चाळीत एकाही खोलीचा नकाशा मूळ बांधकामाशी जुळत नव्हता. कुणी पोटमाळा घातला होता, कुणी मोरी सरकवून ओटा वाढवला होता, कुणी गॅलरी बंद करून थोरल्या मुलाचा संसार तिथं थाटून दिला होता. बांधणाऱ्याच्या मनात काय होतं ते म्युनिसिपालिटीच्या कागदावर असेल. राहणाऱ्यांवर काय काय वेळ आली ते या पोटमाळ्यांवरनं कळायचं. जुन्या लष्करी रायफली मी तशाच बघतो. कारखान्यातून निघालेली कोरी करकरीत रायफल मला फारशी खुणावत नाही. तिच्यावर नंतर कुणी करवत चालवली, भोक पाडलं, तार गुंडाळली, नसता स्क्रू मारला, की माझी मान वळते.

हे वेड मामाकडून आलं. मामा मुंबई पोलिसांत आर्मरर होता. त्याची बहुतेक नोकरी नायगावच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, तेल, कानस आणि चिंध्यांच्या संगतीत गेली. रायफल हातात आली की लोक आधी खांद्याला लावून एक डोळा मिटतात. मामा ती उलटी करायचा. बटच्या तळाचं पितळी झाकण नखानं उघडून आत तेलाची बाटली आणि फुलथ्रूची, म्हणजे नळी साफ करायची, दोरी जागेवर आहे का बघायचा. मग बोल्टवरचा, म्हणजे मागे-पुढे ओढून गोळी नळीत ढकलायच्या दांड्यावरचा, नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का ते. आणि शेवटी लाकडावरनं पुढपासून मागपर्यंत सावकाश अंगठा फिरवायचा. म्हणायचा, "ही कुठं कुठं नांदलीय ते लाकडाला हात लावल्याशिवाय कळत नाही."

थ्री-नॉट-थ्री मुंबईकराला वेगळी सांगायला नको. गणपतीत लालबागच्या कोपऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत टेकलेल्या हवालदाराच्या गुडघ्यांमध्ये उभी असायची ती. तिचं पाळण्यातलं नाव शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्ड. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या जेम्स पॅरिस ली या माणसाचा बोल्ट आणि त्याचंच पेटीसारखं मॅगझीन, आणि लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात ठरवलेले नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, असं ते जोडनाव. १९०७ साली तिचं मार्क ३ हे रूप आलं. मॅगझीनमध्ये दहा गोळ्या, वजन चार किलोच्या आसपास, आणि बोल्ट इतका सुळसुळीत की तयार शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमके बार अपेक्षित असत.

या मूळ रायफलीतच एक गंमत होती. मॅगझीनच्या तोंडावर उजवीकडून आत सारायची एक पातळ पोलादी पट्टी. ती सारली की खालच्या गोळ्या झाकल्या जायच्या. शिपायानं एकेक गोळी हातानं घालायची आणि झाडायची. खालचा साठा साहेबाचा हुकूम येईपर्यंत राखीव. म्हणजे दहा गोळ्यांची रायफल बनवायची, आणि शिपाई त्या भसाभस उडवून टाकेल या धास्तीनं तिला झाकणही लावायचं! पहिल्या महायुद्धाच्या रेट्यात रायफली लाखांनी लागायला लागल्या तेव्हा, १९१५-१६ च्या सुमाराला, ती पट्टी गेली. तिच्याबरोबर डाव्या अंगाची लांब पल्ल्याची तबकडीही गेली. दोन हजार यार्डांच्याही पलीकडच्या, डोळ्यांना धड न दिसणाऱ्या जमावावर अख्ख्या पलटणीनं एकदम बार टाकायचे, असा त्या तबकडीमागचा बेत होता. खंदकात बसलेल्यांचा वैरी त्याच्या कितीतरी अलीकडे बसला होता. कागदावरचं युद्ध रायफलीवरनं असं एकेक स्क्रू काढून उतरवलं गेलं.

शिपायावरचा अविश्वास मात्र त्या पट्टीबरोबर गेला नाही. आपल्याकडे तर तो कधीचाच मुक्कामाला होता.

मामानं मला समजावून सांगितलेली पहिली बदललेली रायफल म्हणजे चारशेदहाचं मस्कट, म्हणजे गुळगुळीत नळीची बंदूक. लांबून बघाल तर थ्री-नॉट-थ्रीच. तोच दस्ता, तोच बोल्ट, तेच चपटं नाक. पहिल्या महायुद्धानंतर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यानं ली-एनफिल्ड घेतल्या, त्यांची नळी आतून आटे नसलेली, गुळगुळीत केली आणि तिचा व्यास वाढवून .४१० केला. काडतूसही खास त्याच्यासाठी: पितळ .३०३ चंच, पण पुढे मान न आवळता सरळ नळकांड्यासारखं ठेवलेलं. आणि मॅगझीनमध्ये लाकडाचा ठोकळा. एका वेळी एक काडतूस. बार काढायचा, बोल्ट मागे ओढायचा, रिकामं पितळ खाली पडलं की दुसरं काडतूस हातानं त्या ठोकळ्यावर ठेवायचं आणि पुढे ढकलायचं. ही बंदूक पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी.

मामानं तसा एक ठोकळा बाहेर काढून हातात धरला होता. तेल पिऊन काळा पडलेला, वर बोटभर रुंदीची गुळगुळीत खाच. वर्षानुवर्षं काडतुसं घसरून घसरून तिला अशी काही चकाकी आली होती की मूळ लाकडाचा रंग फक्त तळाला दिसत होता. "सुतारानं काम चोख केलेलं," मामा म्हणाला. कारागिराला कारागिराचंच काम आधी दिसतं. मला मात्र त्या ठोकळ्यात दुसरंच दिसत राहिलं. दहा गोळ्यांची जागा रिकामी आहे, पेटी तीच आहे, आणि कुणीतरी मुद्दाम, मापात बसवून, रंधा मारून ती जागा भरून टाकली आहे.

सरकारी कारण सरळ होतं, आणि ते खोटंही नव्हतं. गुळगुळीत नळीची गोळी लांब जात नाही, गर्दीवर झाडताना दोन गल्ल्या पलीकडचा माणूस मरत नाही. पण त्याच्यामागे न बोललेलं दुसरं कारण उभं आहे. ही बंदूक उद्या शिपायाच्या हातून गेली, किंवा शिपायासकटच पलीकडे गेली, तर ती कुणाच्याही फारशा कामाची नाही. तिला फौजेची गोळी चालत नाही आणि तिची गोळी बाजारात मिळत नाही. हे तर्कट १८५७ नंतरचं. ज्या पॅटर्न १८५३ एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून भडका उडाला, त्याच एनफिल्डची एक उणी आवृत्ती उठाव मोडल्यावर देशी पलटणींसाठी निघाली: नळीत आटे नाहीत, आणि लांबचा नेम धरायची मागची उभी पट्टीही नाही. गोऱ्या सोजिराकडे आट्यांची रायफल, शेजारी उभ्या देशी शिपायाकडे तिच्यासारखी दिसणारी बंदूक. पुढे दोन्हीकडे रायफली आल्या तरी देशी पलटणीनं हत्याराच्या बाबतीत एक पिढी मागे राहायचं, हा शिरस्ता बराच काळ पाळला गेला. तोफा तर डोंगरी बॅटऱ्या सोडल्या तर देशी हातांतून काढूनच घेतल्या होत्या.

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींवर जगभर झालेले चित्रविचित्र बदल मी गेली बरीच वर्षं वाचतो आहे, फोटो जमवतो आहे. त्यात आपल्याकडच्यांची एक खूण मला हळूहळू दिसायला लागली. इतरत्र माणसं रायफलीत काहीतरी घालत होती: आरसा, पाय, दुर्बीण, मोठं मॅगझीन. आपल्याकडे रायफलीतून काढून घेत होते.

मी स्वतः रायफल पहिल्यांदा उचलली ती माटुंग्याला कॉलेजात, एनसीसीत. तीही अशीच, काढून घेतलेली. थ्री-नॉट-थ्री डी.पी., म्हणजे निव्वळ कवायतीची. आमचे उस्ताद साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले हवालदार. हुकूम हिंदीत, शिव्या मराठीत. 'बगल शस्त्र' करताना कॉलरच्या हाडाखाली काळानिळा डाग पडायचा तो चांगला आठवडाभर टिकायचा. पण मला त्या रायफलीचं भोक आवडायचं. चेंबरच्या बाजूनं आरपार पाडलेलं, पेन्सिल जाईल एवढं. जिथं गोळीचा स्फोट व्हायचा त्याच जागेवर नेमकं. बोल्टच्या तोंडावर वेल्डिंगचा ओबडधोबड थेंब, आणि फायरिंग पिनचं टोक घासून सपाट केलेलं. एकदा मी रिफिल त्या भोकातून घालून पलीकडून बाहेर येते का ते बघत होतो आणि उस्ताद मागे उभे.

"काय शोधतोयस रे? गोळी?"

"नाही उस्ताद, भोक बघत होतो."

"बघितलंस ना? आता मैदान बघ. दोन चकरा."

चकरा मारल्या. नंतर उस्तादांनीच जवळ बोलावून त्या रायफलीच्या बटची उजवी बाजू दाखवली. तिथं रुपयाएवढा गोल होता, वेगळ्या रंगाच्या लाकडानं बुजवलेला. त्या जागी एके काळी पितळी चकती असायची, तिच्यावर पलटणीचं नाव आणि रायफलीचा नंबर ठोकलेला. शत्रूच्या हाती रायफल पडली तर समोर कोणती पलटण आहे हे त्याला आयतं कळायचं, आणि तशीही ती चकती म्हणजे घाईच्या काळात एक जास्तीचं काम. पहिल्या महायुद्धात ती बसवणं बंद झालं. "हिची पलटण गेली, हिची गोळी गेली," उस्ताद म्हणाले, "तरी सावधानमध्ये तुमच्यापेक्षा सरळ उभी राहते."

फायरिंगला आम्हाला मिळायची ती .२२. तिच्यातही अशा काही होत्या की बाहेरून ऐसपैस थ्री-नॉट-थ्री आणि नळीचं तोंड मात्र बघाल तर दाभण जेमतेम जाईल एवढं. जुन्या नळीच्या आत दुसरी बारीक नळी बसवलेली. मॅगझीनमधली स्प्रिंग आणि पाटी काढून पेटी रिकामी ठेवायची, म्हणजे झाडलेली इवलीशी पितळं जमिनीवर न सांडता तिच्यात जमा होतात. हा बदल मला मनापासून आवडतो. त्यात कुणावरचा अविश्वास नाही. महागडी गोळी वाचवायची आणि पोराच्या हाताला खऱ्या रायफलीचं वजन कळू द्यायचं, एवढाच हिशेब.

आता जरा मुंबई सोडून लांब जातो, कारण ज्याला मी बदलांचा राजा मानतो तो गॅलिपोलीत सापडतो. १९१५. तुर्कस्तानच्या त्या उभ्या कड्यांवर ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडची माणसं चिकटून बसली होती. शेजारीच आपली १४ वी शीख, गुरखा पलटणी, आणि खेचरांवरून पाणी-दारूगोळा वर नेणारे आपलेच ड्रायव्हर. खंदकातून डोकं वर काढलं की गोळी. तेव्हा विल्यम बीच नावाच्या लान्स कॉर्पोरलनं पेटीच्या फळ्या आणि फुटक्या आरशाचे तुकडे घेऊन रायफलीला एक लाकडी सांगाडा जोडला. वरचा आरसा नेमाच्या रेषेत, खालचा डोळ्यासमोर, आणि चापाला दोरी. रायफल खंदकाच्या वर, माणूस खाली. हे बघून थॉमस ब्लेमी या मेजरनं ते वर कळवलं आणि थोड्याच दिवसांत किनाऱ्यावर चक्क असे सांगाडे बनवायचा कारखाना सुरू झाला. रायफलीला काहीच केलेलं नाही, फक्त तिला माणसाच्या डोक्यापासून वेगळं केलेलं आहे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथून गुपचूप माघार घ्यायची ठरली तेव्हा विल्यम स्करी या दुसऱ्या लान्स कॉर्पोरलनं पुढची पायरी गाठली. त्यानं माणूसच काढून टाकला. रायफल कठड्यावर बांधलेली. वर एक डबा, पाण्यानं भरलेला, तळाला बारीक भोक. त्याखाली दुसरा, रिकामा, दोरीनं चापाला बांधलेला. वरनं थेंब थेंब पाणी खालच्या डब्यात. वजन पुरेसं झालं की डबा खाली जातो, चाप ओढला जातो, बार निघतो. तोवर डबा ठेवणारा किनाऱ्यावरच्या होडीत. १९ आणि २० डिसेंबरच्या रात्री शेवटची माणसं उतरून गेली तरी वर अधूनमधून रायफली बोलत होत्या आणि समोरच्यांना वाटत होतं की खंदक भरलेले आहेत. स्करीला त्यासाठी पदक मिळालं. माझ्या डोक्यात हे चित्र आणि मामाच्या हातातला तो ठोकळा कायम शेजारी शेजारी असतात. तिथं माणसं निघून गेली आणि रायफली झडत राहिल्या. इथं माणसं पहाऱ्यावर उभी आणि रायफलीत लाकूड.

बोल्ट ओढण्याचा कंटाळा ही जगभरची गोष्ट होती. अमेरिकेत जॉन पेडरसननं स्प्रिंगफील्ड रायफलीचा बोल्ट काढून त्या जागी बसणारं एक यंत्र केलं. चाळीस छोट्या गोळ्यांची तिरकी पेटी वर लावायची की रायफल आपोआप बार काढणारी होते. त्यासाठी रायफलीच्या डाव्या अंगाला रिकामं पितळ बाहेर पडायला एक लांबट खिडकी कापली. १९१९ च्या वसंतातल्या चढाईत हे गुपित बाहेर काढायचं होतं. युद्ध १९१८ च्या नोव्हेंबरातच संपलं. पासष्ट हजारांच्या घरात बनलेली ती यंत्रं १९३१ मध्ये सरकारनंच जाळून टाकली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली. खिडकीवाल्या रायफली मात्र लोकांच्या घरी गेल्या. म्हणजे आता बोल्ट ओढताना डाव्या बाजूला एक कापीव फट दिसते जिचा कशाशी काही संबंध नाही. न्यूझीलंडमध्ये फिलिप चार्लटननं दुसऱ्या महायुद्धात, जपानी येतील या धास्तीनं, अडगळीतल्या जुन्या ली-एनफिल्डना बाहेरून नळ्या, पिस्टन आणि पाय जोडून हलक्या मशीनगनी बनवल्या. साधारण दीड हजार. फोटो पाहिला तर आपल्या कुर्ल्याच्या एखाद्या गॅरेजात रात्रपाळीत उरकलेलं काम वाटतं. युद्ध संपल्यावर ठेवलेल्या जागी आग लागून बहुतेक जळाल्या.

बाकीचे पटकन सांगतो. जपान्यांनी टाइप ९९ रायफलीच्या मागच्या नेमाला दोन्हीकडे उघडणारे पंख लावले, विमान पाडण्यासाठी! आणि पुढे तारेचा एक पाय. एका शिपायानं एका बोल्ट रायफलीनं विमान पाडावं ही अपेक्षा ज्या साहेबाला सुचली त्याला मी सलाम करतो. त्याच रायफलींवरचं बादशहाच्या मालकीचं शेवंतीचं फूल शरणागतीच्या वेळी घासून काढलं गेलं. ही वजाबाकीच, पण स्वतःहून केलेली. फिनलंडनं रशियाच्या मोसिन रायफली घेतल्या, नव्या नळ्या, नवे दस्ते घातले, आणि काहींच्या पोटात अजून झारच्या काळची तारीख आहे. आता पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदम खेलच्या लोहारांनी ली-एनफिल्डच्या हुबेहूब नकला केल्या, ठशासकट. फक्त कधी 'एन' उलटा, कधी राणी व्हिक्टोरियाच्या नावाखाली तिच्या मृत्यूनंतरचं साल. १९०१ मध्ये राणी गेली. तिच्या नावाची रायफल पुढे दशकानुदशकं जन्मत राहिली.

परत घरी येतो. आपल्याकडे अधिक-चिन्ह अजिबात नाही असं नाही. एक आहे, आणि तो मामाचा लाडका: तारेची रायफल. दस्त्याच्या पुढच्या भागावर पितळेच्या किंवा तांब्याच्या तारेचे एकाला एक चिकटून घातलेले वेढे, मध्येमध्ये डाख देऊन घट्ट केलेले. अंगठा फिरवला की सारख्या लयीत खरखर लागते. या रायफलीच्या तोंडावर लोखंडी पेला बसवून त्यात मिल्स बॉम्ब, म्हणजे हातगोळा, ठेवायचा आणि बिनगोळीच्या काडतुसाच्या जोरावर तो साधारण दोनशे यार्ड फेकायचा. पाऊण किलोचा बॉम्ब फेकताना बसणारा धक्का साधी .३०३ देते त्याच्या कितीतरी पट. लाकूड तडकू नये, आणि तडकलंच किंवा नळी फाटलीच तर ढलप्या शिपायाच्या तोंडात जाऊ नयेत, म्हणून तार. हे वेढे मला सभ्य वाटतात. कुणीतरी रायफल धरणाऱ्याच्या तोंडाचा विचार केला होता.

पण त्याच पेल्यातून पुढे पोलिसांनी अश्रुधुराच्या नळकांड्याही फेकल्या, आणि मुंबईत बंदूक म्हटली की गर्दी आलीच. २१ फेब्रुवारी १९४६ ला कॅसल बॅरॅक्समधल्या बंडखोर नौसैनिकांनी शस्त्रागार उघडलं आणि बाहेरच्या गोळीबाराला उत्तर दिलं. त्यांच्या हातातल्या .३०३ मध्ये ठोकळा नव्हता. साहेबाला ज्याची भीती नव्वद वर्षं वाटत होती ते फोर्टात, टाकसाळीपासून हाकेच्या अंतरावर घडलं. स्वराज्य आल्यावर २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला, पंधराजण गेले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा संपेपर्यंत आकडा १०६ वर गेला होता. त्या पोलिसांपैकी कुणाकडे कोणती बंदूक होती याचा तपशील काढत बसायची इच्छा मला कधी झाली नाही. हुतात्मा चौकातून जाताना मात्र एक गोष्ट डोक्यात येते. 'गर्दीसाठी कमी केलेली बंदूक' हा शब्दप्रयोग सरकारी कागदावर फार शहाणा वाटतो.

इशापूरनं स्वतःच्या अकलेनं केलेला एक बदल अगदी छोटा आहे. दस्त्याच्या पुढच्या भागातून, मॅगझीनच्या पुढे, आडवा घातलेला एक स्क्रू. आपल्या हवेत लाकूड उन्हाळ्यात सुकतं, पावसाळ्यात फुगतं, आणि धक्के खाऊन तिथंच उभं चिरतं. त्यावर हा इलाज. जगभरचे संग्राहक रायफल हातात घेऊन आधी तो स्क्रू शोधतात. दिसला की ही हिंदुस्थानात राहून आलीय हे पक्कं. मग १९६२ चं चीनचं युद्ध झालं आणि इशापूरनं तीच जुनी रायफल जास्त कणखर पोलादाची, ७.६२ ची नवी गोळी झेलणारी अशी बनवायला घेतली: २ए. मॅगझीन दहाचं बाराचं झालं. म्हणजे ज्या कारखान्यानं एके काळी दहाच्या जागी ठोकळा बसवला त्यानंच दोन जास्त दिल्या, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. नेमाच्या पट्टीवर मात्र आधी जुना दोन हजारांचाच आकडा ठेवला. पुढे २ए१ मध्ये तो आठशेवर आणला, तेव्हा कुठं रायफल शुद्धीवर आली.

२००८ च्या २६ नोव्हेंबरनंतर थ्री-नॉट-थ्रीला फार हसून घेतलं लोकांनी. सीएसटीच्या फलाटांवर एके-४७ समोर बोल्ट ओढणारे पोलीस, हे चित्र कुणालाही चीड आणणारंच होतं. मामा तेव्हा निवृत्त झाला होता. टीव्हीवर एक तरुण तज्ज्ञ "म्युझियममधली बंदूक" म्हणाला तेव्हा तो उठून बसला. "बंदुकीला काय झालंय? शंभर वर्षं झाली तरी बार काढतेय की. तिच्या हातात गोळ्या किती दिल्या, वर्षातनं किती वेळा झाडायला दिल्या, ते विचार ना." उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला संचलनात रीतसर निरोप दिला. आपल्याकडे ती तशी वाजतगाजत गेली नाही. बंदोबस्तातल्या गुडघ्यांमधून हळूहळू नाहीशी झाली.

संग्राहकांत एक सोवळा पंथ आहे. त्यांना सगळे नंबर जुळलेली, एकही ओरखडा नसलेली रायफल लागते, आणि युद्धानंतर शिकाऱ्यांनी दस्ता कापून, नळी आखूड करून हलक्या केलेल्या रायफली बघितल्या की ते कळवळतात. अमेरिकेत काही आयातदारांनी इशापूरच्या ७.६२ कापून नकली 'जंगल कार्बाइन', म्हणजे फौजेच्या आखूड रायफलीची नक्कल, बनवून विकल्या, तेव्हा माझंही तोंड कडू झालं, हे खरं. तो बदल गरजेनं झाला नव्हता, धंद्यासाठी झाला होता. पण शेतावर डुकरांसाठी कुणी नळी कापली असेल तर मला त्यात पाप दिसत नाही. आपल्याकडे हा प्रश्नच आला नाही. .३०३ सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही. म्हणून तर आपल्या शिकाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या हाती सरकारी कारखान्याची .३१५ आली: अंगानं फौजेच्या रायफलीचीच बहीण, फक्त फौजेची गोळी खात नाही. साहेब गेला, तर्कट राहिलं.

परवा मामाला मोबाइलवर एका अमेरिकन हौशी माणसाचे फोटो दाखवले. त्यानं आपल्याकडून मोडीत निघालेलं चारशेदहाचं मस्कट विकत घेतलं होतं. ठोकळा उपसून टाकला, मॅगझीन पुन्हा चालतं केलं, आणि आता त्यातून एकामागून एक काडतुसं झाडतो म्हणून खूश होता. मला वाटलं, मामा हरखेल. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या बंदुकीला तिची पेटी परत दिली. मामानं चष्मा कपाळावर सरकवून फोटो मोठा केला.

"ठोकळा काय केला त्यानं?"

"टाकला असेल रे मामा. काय करायचाय?"

"कुठलं लाकूड होतं ते लिहिलंय का?"

"नाही."

"आमच्याकडे एकात आंब्याचा होता. कुणीतरी मागाहून घातलेला. जूनमध्ये असा फुगायचा की मॅगझीन निघता निघायचं नाही, आणि शिपाई घेऊन यायचा माझ्याकडे. दर पावसाळ्यात थोडा थोडा कानसायचो. दिवाळीला पाहिलं तर आत खुळखुळतोय." मग हसून म्हणाला, "शेवटी वहीच्या पुठ्ठ्याची घडी घातली खाली. ती अजून तशीच असेल बघ त्यात."